बोरीची राख बोरीतच बघायला मिळू दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती. मागणी आधीच सांगून टाकते. जुन्नर तालुक्यातलं बोरी बुद्रुक, जिथे ज्वालामुखीची जुनी राख आहे, आणि शिरूर तालुक्यातलं इनामगाव, जिथे हजारो वर्षांपूर्वीचं गाव खोदून काढलंय, या दोन गावांमध्ये, म्हणजे गावातच, एकेक छोटं म्युझियम व्हावं. मोठी बिल्डिंग नको, एसी नको, एक बऱ्यापैकी खोली पुरे, पण ती गावात हवी आणि आलेल्या माणसाला माहिती सांगायला गावातलंच कुणीतरी तिथे हवं.

हे डोक्यात बसलं ते मे महिन्यात. माझे दीर-जाऊ इंग्लंडला ब्रिस्टलजवळ राहतात, सासूबाई तिकडेच होत्या, मग सुट्टीत आम्हीही मुलाला घेऊन गेलो. एका रविवारी भावजींनी गाडी काढली आणि आम्हाला लाइम रीजिसला नेलं. डॉर्सेटमधलं समुद्रकाठचं गाव, वस्ती साधारण साडेतीन हजार, म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या सोसायटीत मावेल एवढी. गाडी वर लावायची आणि तीव्र उताराचा रस्ता उतरून समुद्रावर यायचं, सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले होते पण त्या थांबल्या नाहीत. रस्त्यावरचे दिव्याचे खांबसुद्धा तिथे अमोनाइटच्या आकाराचे आहेत, ते गोल गोल वेटोळ्याचे शिंपले असतात ना, ते. म्हणजे गावात शिरल्याशिरल्याच कळतं की या लोकांना आपल्याकडे काय आहे ते माहितीये आणि त्याचा अभिमान पण आहे.

म्युझियम अगदी समुद्राला लागून आहे. आणि ते कुठे बांधलंय तर मेरी अॅनिंगचं घर जिथे होतं त्याच जागेवर. ही बाई १७९९ साली तिथे जन्मली. वडील सुतारकाम करायचे आणि जोडीला कड्यातून पडलेले जीवाश्म गोळा करून फिरायला आलेल्या लोकांना विकायचे. १८१० मध्ये ते गेले, मागे कर्ज, मग घर चालवायला हाच धंदा. १८११ मध्ये तिच्या भावाला एका भल्यामोठ्या प्राण्याची कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी मेरीने बाकीचा सांगाडा शोधला, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची. तो इक्थिओसॉर होता, समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉरचा, म्हणजे लांब मानेच्या दुसऱ्या एका समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा, पहिला पूर्ण सांगाडा काढला. पुढच्या वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञांच्या संस्थेत, त्यावर शोधनिबंध वाचला गेला तर त्यात तिचं नावच नाही! विकत घेणाऱ्या ड्यूकचं नाव सगळ्यांना माहिती, शोधणारीचं नाही. त्या सोसायटीत बायकांना सभासद करून घ्यायला १९१९ उजाडलं, मेरी तर १८४७ मध्येच कॅन्सरने गेली होती. हे वाचताना मला खरंच फार वाईट वाटलं, आणि म्हणूनच तिच्या घराच्या जागेवर म्युझियम उभं आहे याचं बरंही वाटलं. गावात आता तिचा पुतळा आहे, २०२२ मध्ये बसवला, आणि तो व्हावा म्हणून मोहीम सुरू केली ती एका अकरा वर्षांच्या मुलीने.

माझा मुलगा पाचवीत आहे. म्युझियम म्हटलं की याचा चेहरा पडतो, कारण आपल्याकडे म्युझियम म्हणजे हात लावू नका, काचेवर टेकू नका, पुढे चला. इथे तो इक्थिओसॉरच्या डोळ्यापाशीच अडकला. डोळ्याभोवती हाडांच्या पातळ चकत्यांची एक गोल कडी असते, एकीला एक लागून बसवलेल्या, खोल पाण्याच्या दाबाखाली डोळ्याचा आकार टिकावा म्हणून. ती कडी दगडात जशीच्या तशी राहिलीये. त्याने खाली वाकून त्या चकत्या मोजायला सुरुवात केली, मागे लोक थांबले तर तिथल्या काकूंनी त्यांना दुसऱ्या बाजूने जायला सांगितलं आणि याला मोजू दिलं. मेरीचा ट्रे नावाचा कुत्रा १८३३ मध्ये दरड पडून तिच्या डोळ्यासमोर गेला, ते कळल्यावर मात्र हा बराच वेळ गप्प होता.

आणि नुसते जीवाश्म नाहीत, गावाचा सगळा इतिहास सांगितलाय. १६८५ मध्ये राजाविरुद्ध बंड करायला मॉन्मथचा ड्यूक इथेच उतरला. १८३९ च्या ख्रिसमसला जवळच एवढी मोठी दरड सरकली की पेरलेल्या गव्हासकट शेतजमीन तुटून समुद्राकडे गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो गहू लोकांनी समारंभ करून कापला, बघायला बाहेरगावाहून गर्दी. तिथले कडे अजूनही ढासळतात आणि त्यातूनच जीवाश्म बाहेर पडतात, दर हिवाळ्यात वादळात नवे. हे सगळं एकमेकाला जोडून दाखवलंय, जमीन, समुद्र, मासेमारी, बंदर, माणसं.

ओहोटीची वेळ बघून म्युझियमचीच माणसं तुम्हाला किनाऱ्यावर घेऊन जातात. कड्यावर हातोडी मारायची नाही, खाली सुटं पडलेलं शोधायचं. आमच्याबरोबरच्या माणसाने एक काळा गोटा हलकेच फोडून सासूबाईंच्या हातात दिला. आत वेटोळं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर आपला शाळिग्राम!" आणि त्यांनी तो कपाळाला लावला. भावजींनी त्याला इंग्रजीत समजावलं की आमच्या घरी देवघरात असा दगड आहे, आम्ही त्याला रोज तुळस वाहतो. त्या माणसाला एवढा आनंद झाला, तो म्हणाला बरोबरच आहे आजींचं, तोही अमोनाइटच. घरी येऊन मी वाचलं तर खरंच, नेपाळमध्ये गंडकीत मिळणारे शाळिग्राम हे जुरासिक काळातल्या समुद्रातले अमोनाइटच आहेत, हिमालय व्हायच्या आधी तिथे समुद्र होता. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या पूजेत असलेली गोष्ट, आणि ती काय आहे हे सांगणारं माणूस भेटलं ते डॉर्सेटच्या किनाऱ्यावर. सासूबाईंच्या श्रद्धेत त्यामुळे काही कमी झालं नाही, उलट आता त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमचा देव कोट्यवधी वर्षांचा आहे.

परत आल्यावर मुलाचा एकच प्रश्न, आपल्या पुण्यात काय सापडतं? आमचे हे म्हणाले काही नाही रे, आपण सगळे लाव्हावर बसलोय. ते खरंय, आपला काळा दगड साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. पण "काही नाही" हे मात्र खरं नाही, आणि एवढी वर्षं पुण्यात राहून हे आपल्याला माहीत नसावं याचंच मला जास्त लागलं.

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. आपल्या सह्याद्रीच्या लाव्हाशी त्याचा काही संबंध नाही, ती राख फार नंतरची. बरेच संशोधक ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानतात, साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीचा उद्रेक, इथून ३,००० किलोमीटरपेक्षा लांब! काहींच्या मते ती याहून कितीतरी जुनी आहे, तो वाद चालू आहे. त्याच ठिकाणी अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं पण मिळालीत, म्हणजे त्या माणसांचा काळ ठरवायला ही राख कामी येते म्हणून जगभरच्या अभ्यासकांना बोरी हे नाव माहितीये. आम्ही नारायणगावला जाऊन तिथून विचारत विचारत गेलो. चहाच्या टपरीवर एका आजोबांनी सांगितलं, "ती भुरी माती व्हय? चला दावतो", आणि आपलं काम सोडून आमच्याबरोबर नदीपर्यंत आले. काठात पांढुरका राखाडी पट्टा, चिमटीत घेतली तर पिठीसारखी मऊ. मुलाच्या खिशात भिंग होतं, त्यातून बघितलं तर बारीक बारीक कण चमकत होते, काचेचे. ते आजोबा भेटले नसते तर आम्ही काठावर उभं राहून नुसती नदी बघून परत आलो असतो. आणि आपल्याकडच्या नद्यांमधला वाळूउपसा, खचणारे काठ बघता हा पट्टा किती वर्षं टिकेल याची मला काळजी वाटते.

इनामगाव तर त्याहून मोठी गोष्ट आहे. घोड नदीकाठी इ.स.पू. १६०० ते ७०० च्या आसपास शेती करणाऱ्या लोकांचं गाव होतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी असे मोठे पुरातत्त्वज्ञ त्यात होते. घरं सापडली, धान्य सापडलं, पाटाने पाणी नेल्याच्या खुणा सापडल्या. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात घालून घराच्या जमिनीखालीच पुरायचे. चार पायांचा एक मातीचा रांजण मिळाला, त्यात माणूस बसवून पुरलेला. हे बघायला डेक्कन कॉलेजच्या म्युझियममध्ये जावं लागतं, जरूर जा, मी सगळ्यांना सांगते.

आता कुणी म्हणेल की मूळ वस्तू खेड्यात कशा सांभाळणार. बरोबर आहे, पण लाइमलाही तेच आहे की! मेरीच्या कुटुंबाने काढलेली ती पहिली कवटी लंडनच्या म्युझियममध्ये आहे, तरीपण लाइमचं म्युझियम बघायला लोक येतात, कारण खिडकीतून तोच समुद्र दिसतो आणि बाहेर पडून दहा पावलांवर तुम्ही तोच दगड हातात घेऊ शकता. मूळ वस्तू राहू देत डेक्कन कॉलेजमध्ये, जाणकारांच्या ताब्यात. गावात चांगल्या प्रतिकृती ठेवा, नकाशा, फोटो, हात लावता येतील असे खापराचे तुकडे, एक बरा मायक्रोस्कोप. गावातल्या दोन-तीन मुलामुलींना डेक्कन कॉलेजमध्ये नीट शिकवा आणि माणशी ठरावीक पैसे घेऊन त्यांनी लोकांना नदीवर नेऊ देत. बोरीहून पुढे निघोजचे रांजणखळगे बघायला पुण्याहून लोक जातातच, तेही कुकडीचेच. कोकणात उक्षीच्या लोकांनी कातळावर कोरलेल्या प्राचीन हत्तीभोवती गोल गडगा घालून तो जपलाय, म्हणजे आपल्या गावांना हे जमत नाही असं कुणी म्हणू नये.

पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींचंही बघा. तिथल्या कॅव्हॅन्साइट या निळ्या खनिजाचे खडे जगभरच्या संग्रहांमध्ये मानाने ठेवलेत, पण खाणीत ज्याने तो पहिल्यांदा उचलला त्या कामगाराचं नाव मला कुठे सापडलं नाही. मेरी अॅनिंगचं जे झालं ते आपल्याकडे रोज होतं.

म्हणून शेवटी एक विनंती खास तुमच्या पेपरला. इनामगावच्या खोदकामावर आसपासच्या गावांतले जे लोक मजुरीला होते, पाट्या वाहिल्या, मडकी जपून बाहेर काढली, ते त्यावेळी विशी-तिशीत असतील तर आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या आठवणी आणि घरात असतील ते फोटो आत्ताच गोळा करायला हवेत, म्युझियम होईल तेव्हा होईल. तुम्ही एक छोटं आवाहन छापा. लोकांनी फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं तरी चालेल, ऐकून टाइप करायचं काम मी घरून करीन, आणि गावात जाऊन बसावं लागलं तर शनिवार-रविवार माझी तयारी आहे.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे