त्याच खोलीत पुन्हा

ठाणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुमे,

परवा तू सिनेमा अर्ध्यावर टाकून उठलीस तेव्हा मी काही बोलले नाही. चपला घालता घालता तू विचारलंस, "ओठ एक बोलतायत, आवाज भलताच येतोय, आणि तो माणूस परत त्याच खोलीत कसा गं आला?" प्रश्न दोन्ही बरोबर होते. फोनवर त्यांची उत्तरं मला नीट देता आली नसती, म्हणून लिहायला बसले.

आधी खोलीचं. तू पाहत होतीस तो भयपटांचा इटालियन दिग्दर्शक मारिओ बावा याचा १९६६ चा 'ओपेराझिओने पाउरा'. त्यातला डॉक्टर एका माणसाच्या मागे धावतो, खोली ओलांडतो, समोरच्या दारातून बाहेर पडतो आणि पुन्हा त्याच खोलीत येतो. पुन्हा धावतो, पुन्हा तीच खोली. दर फेरीला अंतर कमी होत जातं. शेवटी तो पुढच्याला गाठतो, पुढचा वळतो, आणि तो हा स्वतःच असतो. तू उठलीस ती बरोबर याच्या आधी. अजून अर्धं मिनिट बसायला हवं होतंस गं!

या प्रसंगात आहे काय? एक खोली, दोन दारं, एक नट. यापेक्षा स्वस्तातला प्रसंग निघणार नाही. चित्रीकरण चालू असतानाच निर्मात्याकडचे पैसे संपले होते, उरलेलं काम मंडळींनी बिनपगारी पुरं केलं. गावही उभारलेलं नाही. रोमच्या उत्तरेला काल्काता म्हणून कड्यावर वसलेलं जुनं गाव आहे, कडा ढासळेल या भीतीने लोकांना तिथून हलवायचं ठरलं होतं. त्या गल्ल्यांत बावाने धूर सोडला, दिवे लावले, झालं. आणि पांढऱ्या फ्रॉकातली ती भुताची पोर, मेलिसा? ती मुलगी नाहीच, वालेरिओ वालेरी नावाचा मुलगा आहे. मला हे खूप उशिरा कळलं. पण खिडकीच्या काचेवर तळवा टेकून ती आत बघते, तेव्हा त्या चेहऱ्यात काहीतरी जुळत नाही हे मला पहिल्यापासून जाणवत होतं. दोन वर्षांनी इटलीचाच थोर दिग्दर्शक फेलिनी याने आपल्या एका लघुपटात सैतान दाखवला तोही चेंडू खेळणाऱ्या लहान मुलीच्या रूपात. एवढ्या मोठ्या माणसालाही ती पोर विसरता आली नसावी.

बावाचे वडील मूर्तिकार आणि मूकपटांच्या काळातले ट्रिक फोटोग्राफीवाले, आणि तो स्वतः आधी कॅमेरामन. त्यामुळे हाताशी असेल त्यातून गोष्ट उभी करणं त्याच्या रक्तातच. १९६५ मध्ये त्याने एका परग्रहावरचा सिनेमा केला. त्या ग्रहासाठी त्याच्याकडे प्लास्टिकचे दोन खडक होते. दोनच! आरसे आणि धूर वापरून त्याने त्यांचा अख्खा ग्रह केला. रिकाम्या कोपऱ्यांत दिव्यांपुढे रंगीत जिलेटिनचे कागद लावून हिरवा, जांभळा उजेड टाकला. तो उजेड कुठून येतो हे विचारायचं नाही. स्वप्नात आपण कधी विचारतो का, दिवा कुठाय?

मला वाटतं सगळं इथेच आहे, सुमे. स्वप्नाकडेही फार सामान नसतं. तोच जिना, तेच दार, आपल्या जुन्या चाळीतला तोच गॅलरीचा कठडा. मन तेवढ्यावरच भागवतं, आणि तेच ते पुन्हा आलं की आपल्याला धडकी भरते. लुचिओ फुल्ची या दुसऱ्या इटालियन दिग्दर्शकाच्या १९८१ च्या 'लाल्दिला' या भयपटामध्ये दोघंजण जीव वाचवायला इस्पितळाचा जिना उतरतात आणि थेट कुठल्या कुठे असलेल्या हॉटेलच्या तळघरात पोचतात. समीक्षक म्हणतील पटकथा ढिली. असेल. त्यातला रक्तपात मीही बोटांच्या फटीतून पाहते, आणि असे कित्येक इटालियन सिनेमे नुसतेच कंटाळवाणे किंवा क्रूर आहेत हेही कबूल. पण तो जिना मी रात्री उतरलेय, माझ्या स्वतःच्या झोपेत.

आता आवाजाचं. बावीस वर्षं मी डबिंग करते, हे तुला वेगळं सांगायला नको. काचेमागे बसून लूपमागून लूप, म्हणजे सिनेमाचा एकेक तुकडा पुन्हा पुन्हा, एकच ध्यास, की माझा 'प' तिच्या मिटलेल्या ओठांवरच पडला पाहिजे. इटलीत त्या काळी सेटवरचा आवाज सहसा धरतच नसत. त्या परग्रहाच्या सिनेमातच बघ, अमेरिकन, ब्राझिलियन, स्पॅनिश, इटालियन नट एकत्र. जो तो आपापल्या भाषेत बोलायचा, समोरच्याचं कळो न कळो. आवाज मागाहून स्टुडिओत चढायचे. बावाच्या दुसऱ्या एका सिनेमातल्या क्रिस्टोफर ली या नटाला इंग्रजी आवृत्तीत भलत्याच माणसाचा आवाज आहे, आणि तो गडी तर जन्माचा इंग्रज! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझा जीव वरखाली झाला. सगळं हातात घेऊन दुरुस्त करावंसं वाटलं.

आई गेल्यावर ते बदललं. तुला सांगितलं नव्हतं, पण दिवस झाल्यावर पहिल्यांदा ती स्वप्नात आली तेव्हा स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. बोलत होती, आवाज तिचाच, "झाकण ठेवलंस का गं दुधावर?" मग ती वळली तर ओठ मिटलेले, आणि आवाज चालूच. मी घाबरले नाही. जागी झाले, झोप लागेना, म्हणून लॅपटॉपवर तू परवा अर्धा टाकलास तोच सिनेमा लावला. त्यात बायका बोलत होत्या आणि आवाज त्यांच्या थोडा मागून, जणू शेजारच्या खोलीतून येत होता. मी पहाटेपर्यंत बसून राहिले. त्या रात्री एकदाही मला ते ओठ जुळवावेसे वाटले नाहीत.

त्याच सिनेमात एक चेटकीण आहे. मेलेल्याला शांती मिळावी म्हणून ती त्याच्या काळजात नाणं ठेवते. तुझा डॉक्टरी पेशा, तू हसशील. पण तो शवविच्छेदनाचा प्रसंग बघ एकदा, त्यातला डॉक्टर हसत नाही.

येत्या शनिवारी मला रेकॉर्डिंग नाही. आठला ये, पिठलं-भात करते. या वेळी पडदे ओढून दिवे मालवू, तू फोन बाहेर ठेव, आणि त्या खोलीपाशी आलो की माझा हात धरून बस.

तुझीच,
नीला