चावी घ्यायला तूच ये

सातारा
रविवार, सकाळ

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, "गाडीचं काय ते व्हॉट्सॲपवर टाक, मी वाचीन." टाकलं असतं, पण माझ्या अंगठ्यात तेवढा दम नाही. शिवाय आपली ही जुनी फियाट तुकड्यातुकड्यांत सांगण्यासारखी नाही. म्हणून कागद घेतला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांची झुंबरं दिसतात. क्लच दाबताना डावा गुडघाही बोलायला लागलाय. तेव्हा गाडी आता तुझी. नावावर करायला आरटीओत दोघींनी जाऊ. चालवायला तुला येतं, मीच शिकवलंय. हे पत्र आहे ते ही गाडी घेऊन बाहेर पडलं की काय काय होतं त्याबद्दल. शिकवताना तू शेजारी बसून रस्त्याकडे बघत होतीस, माणसांकडे नाही.

पहिलं म्हणजे वेळ. सातारा-पुणे ११० किलोमीटर. तुझ्या त्या ऑटोमॅटिकने तू दोन तासांत येतेस. हिच्यासाठी साडेतीन धर. ती हळू आहे म्हणून नव्हे, साठ-पासष्टला ती मजेत पळते. पण पंपावर, टोलनाक्यावर, चहाला थांबशील तिथे माणसं येणारच. पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?" खरं सांगायचं, अकरा-बारा. दुसरा, "पार्ट मिळतात का?" आणि तिसरा, "देणार का?" मी आजवर "सासऱ्यांची आहे" असं सांगत आले. ते जाऊन वीस वर्षं झाली तरी उत्तर चालतंय. तू "आईची आहे" म्हण.

सगळे तिला पद्मिनी म्हणतील. म्हणू देत. कुणी 'डुक्कर फियाट' म्हणालं तर मात्र मी गप्प बसत नाही. डुक्कर ती हिच्या आधीची, गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी. आपली १९७३ ची. मॉडेल फियाटचं, इलेव्हन हंड्रेड डी, पण घडलेली कुर्ल्यात, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियरच्या कारखान्यात. फियाटचं नाव काढून स्वतःचं नाव लावायची वेळ आली तेव्हा कंपनीने आधी 'प्रेसिडेंट' ठेवलं आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. म्हणजे प्रेसिडेंट या नावाच्या वाट्याला थोडाच काळ आला. मामंजी पाहुण्यांना ऐटीत सांगायचे, "राष्ट्रपती आमच्या दारात उभे असतात." एखादा खरा जाणकार भेटला तर तो आरसी बुक बघायला मागेल आणि हे नाव वाचून खुळ्यासारखा हसेल. अशा माणसाला दहा मिनिटं जास्त द्यायची.

त्या काळी गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. हातात आलेली गाडी तिथल्या तिथे 'ऑन'ने, म्हणजे वर जादा पैसे घेऊन, विकली तर चार पैसे सुटायचे. मामंजींनाही तसं विचारलं होतं म्हणे. त्यांनी नारळ फोडला आणि सरळ घरी घेऊन आले.

मी शिकले १९८६ साली. तुझ्या बाबांनी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा कुंपणाची तार तोडली. मग मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, तुम्ही बसा." रोज पहाटे यवतेश्वरच्या घाटात न्यायचे. सगळ्यात अवघड होता तो स्टीअरिंगखालचा गिअर. बाकी जगाचे गिअर खाली जमिनीत आणि हिचा मात्र डाव्या हाताशी, इंडिकेटरसारखा. पहिल्या गिअरशी हिचं जुनं भांडण आहे. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो घालायला गेलीस तर अशी कचकच करते की घाटातली माकडं पळतात.

दोन महिन्यांनी मला एकटीला राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत पाठवलं. बबडे, तेव्हाच्या त्या नजरा! साडीतली बाई, फियाट, आणि शेजारी पुरुष नाही. एक गृहस्थ सायकलवरून उतरून उभे राहिले. बसस्टँडपाशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. घरी आले तेव्हा हात थरथरत होते. मामंजींनी एवढंच विचारलं, "तिसऱ्यात घातल्यावर खडखड आली का?" मी म्हटलं, लक्ष नव्हतं. तर म्हणाले, "लोकांकडे डोळे नकोत. इंजिनाकडे कान ठेवा." दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याने पाठवलं.

आता गंमत बघ. तेव्हा सगळे मला बघायचे आणि गाडी कुणाला दिसायची नाही. आता गाडी बघतात आणि मी कुणाला दिसत नाही. मागच्या वर्षी वाईला घाटावर लावली होती. एक तरुण जोडपं आलं, चारी बाजूंनी फोटो काढले, मग चावी हातात घेऊन उभ्या असलेल्या मला विचारतात, "साहेब कुठे गेलेत?" मी म्हटलं, "साहेब घरी भाजी निवडतायत." खोटं नव्हतं ते.

खंबाटकीचा प्रसंग तुला अर्धाच आठवतो, कारण तू सहा वर्षांची होतीस आणि तुझं सगळं लक्ष उलटीकडे होतं. मे महिना, दुपारी दीड, पुण्याहून परत येत होतो. तेव्हा बोगदा नव्हता, जाणारे-येणारे सगळे त्याच घाटात. मधल्या वळणावर गाडी दोन आचके देऊन बंद. हिचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला आहे. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि मग पंप नुसती हवा ओढत बसतो. मला ते ठाऊक होतं, पण मागे ट्रकांची रांग लागली की ठाऊक असलेलंही सुचत नाही. मागचा ट्रकवाला खाली उतरला. एक शब्द न बोलता त्याने मागच्या चाकाला दगड लावला आणि मग म्हणाला, "ताई, फडकं ओलं करा." प्यायचं पाणी सगळं त्यात गेलं. पंपावर ओलं फडकं ठेवून पंधरा मिनिटं उभे होतो. तेवढ्यात एक एसटी शेजारून सरकत गेली आणि तिच्या झाडून सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर. एका म्हातारीने तुझ्यासाठी वरून लिमलेटच्या गोळ्या टाकल्या. त्यातली एक अजून डॅशबोर्डच्या फटीत असेल.

ते फडकं पुढच्या कप्प्यात आहे. जुनं म्हणून टाकून देऊ नकोस. पुण्याला जाताना आता बोगदा आहे, त्रास नाही. येताना मात्र घाट चढावा लागला, तर उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आत पार कर.

आता एक गोष्ट सांगते, जी बाबांनाही नीट सांगितलेली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात मेढ्याच्या रस्त्याला पंपावर थांबले होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्याची बातमी पेपरात येऊन पंधरा दिवस झाले असतील. ती टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, ती भरली आणि उतरली रस्त्यावरून. तर पंपावर धोतर-टोपीतले एक आजोबा आले. गाडीला हात लावला नाही, नुसती फेरी मारली. मग म्हणाले, "बाई, सव्वीस वर्षं चालवली. ग्रँट रोडचा स्टँड." जरा थांबून, "बसू का?"

मी दार उघडून दिलं. चप्पल बाहेर काढून ते आत बसले. डावा हात आपसूक गिअरच्या दांड्यावर गेला. पहिला, दुसरा, तिसरा, टॉप, बंद गाडीत, समोर काचेतून बघत. मग डावीकडे झुकले, पुढच्या सीटवरून पार पलीकडे, आणि खिडकीबाहेर हात घालून काहीतरी चाचपडायला लागले. मला कळेना. त्यांनाही क्षणभर कळलं नसावं. मीटर गं. टॅक्सीचं मीटर त्या बाजूला बाहेर असायचं. हात तसाच आत घेतला आणि स्वतःशीच हसले. उतरताना म्हणाले, "ह्या सीटवर तीन पोरं शाळेला सोडायचो, चौथं मांडीवर." मी त्यांना गावापर्यंत सोडते म्हटलं तर नको म्हणाले, एसटीचा पास आहे.

म्हणून तुला साडेतीन तास सांगितले. येणारा प्रत्येक माणूस ही गाडी बघत नसतो. कुणाच्या मामाची असते, कुणी हिच्यात बसून वरातीला गेलेलं असतं, कुणाला हिची धडक बसलेली असते. तोही एक भेटला होता, पायावरचा व्रण दाखवत होता, आणि काय कौतुकाने!

त्रास देणारेही आहेत, ते नाही असं नाही. मोटारसायकलवाली पोरं हायवेला अगदी खेटून येतात आणि एका हाताने व्हिडिओ काढतात. तेव्हा हात हलवायचा नाही आणि वेगही वाढवायचा नाही. डाव्या बाजूला घेऊन जाऊ द्यायचं. हिचे चारही ब्रेक ड्रमचे आहेत, नव्या गाड्यांसारखे कचकन लागत नाहीत. पुढच्या वाहनापासून तू ठेवतेस त्याच्या दुप्पट अंतर ठेव. लग्नासाठी गाडी मागायला येतील. एकदाच दिली, ओळखीतल्या घरी. त्यांनी झेंडूच्या माळा बॉनेटला चिकटपट्टीने लावल्या आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढल्या. पिस्ता रंगाचे टवके पट्टीबरोबर निघाले. तेव्हापासून "ब्रेकचं काम काढलंय" हे माझं ठरलेलं उत्तर आहे. फोटो काढायला नवरा-नवरी बॉनेटवर चढून बसतात, त्यांनाही तेच. फोटोचा आणि ब्रेकचा काय संबंध असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.

तू म्हणत होतीस ते 'व्हीए' नंबराचं. पन्नास वर्षं उलटली म्हणजे २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल हे खरं. वीस हजार फी, ऐटदार नंबर, दहा वर्षं निवांत. पण मग गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीलाच बाहेर काढायची, रोजच्या वापराला नाही. मला ते पटत नाही. दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि मंडईत भाजीला न्यायची. पुढे तुझी मर्जी. पण शोकेसमध्ये ठेवायची असेल तर आत्ताच सांग, मी इथेच ठेवून घेते.

बाकी तिचं फार काही नसतं. १०८९ सीसी, चाळीसेक घोडे, तुमच्या हल्लीच्या एखाद्या मोठ्या मोटारसायकलीला असतात तेवढेच. थंडीत चोक पूर्ण ओढायचा, इंजिन धरलं की अर्धा आत. उभ्या गाडीत स्टीअरिंग पिळू नकोस, आधी जरा हलू दे. ग्रीसिंग चुकवू नकोस. आठवड्यातून एकदा तरी वीस किलोमीटर फिरव. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, नुसतं टाकीत पडून राहिलं की पाणी धरतं. मिस्त्रींनी रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम बदलून दिलाय. आणि तुमच्या सोसायटीत उघड्यावर लावलीस तर पावसाळ्यानंतर मॅट उचलून खालचा पत्रा बघ. हिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. पत्रा गेला म्हणजे गाडी गेली.

सुख कशात आहे ते मात्र मला लिहिता येत नाही. शिरवळ सोडलं की सकाळी सात वाजता त्रिकोणी काच थोडी बाहेर वळव, वारा थेट गळ्यावर येतो. त्यात पेट्रोलचा आणि तापलेल्या रेक्झिनचा वास असतो. रेडिओ नाहीच, त्यामुळे शेजारच्याशी बोलावं लागतं. तुझे बाबा आयुष्यात जे काही मनातलं बोललेत ते त्या सीटवर.

शनिवारी एसटीने ये, गाडी घेऊन येऊ नकोस. टाकी भरून ठेवते. बाबा म्हणताहेत फास्टॅगमध्ये पैसे ते टाकतील. रविवारी निघताना पोवई नाक्यावरून जा. थोडं लांब पडेल, पण मिस्त्रींना सांगितलंय, ते दुकानाबाहेर येऊन उभे राहतील. त्यांच्यासमोर तरी गाडी बंद पाडू नकोस.

मी गच्चीत असेन. कोपऱ्यावर वळून दुसऱ्यातून तिसऱ्यात घालतात ते इथवर ऐकू येतं. कचकच ऐकू आली तर लगेच फोन करीन, उचलू मात्र नकोस. गाडी चालवत असशील.

तुझी,
आई