मोत्याऐवजी बटण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतल्या चित्रकलेवरच्या लेखात जुन्या चित्रांच्या प्रती करणाऱ्यांना कारकून म्हटलं आहे. गेले चार महिने मी हीच कारकुनी करतो आहे, म्हणून हे पत्र.

निवृत्तीनंतर तैलरंग हाती घेतले आणि व्हर्मीर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराची ‘मोत्याचं डूल घातलेली मुलगी’ समोर ठेवली. मूळ चित्र जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचं. एक चेहरा, एक फेटा, महिन्याभरात उरकेल असं वाटलं (हसू नका). नाकावरच अडकलो. कड ठसठशीत काढली की चेहरा पाटीवर गिरवल्यासारखा दिसे. पुसली की नाकच गायब. शेवटी छापील चित्रावर भिंग धरलं. नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये व्हर्मीरने रेघ ओढलेलीच नाही! दोन्हीकडे एकच रंग. नाक आपण बघणारेच पुरं करतो.

मोत्याचं तेच. मी आधी गोल काढला, करड्या रंगाने गोलाई दिली, आणि पोरीच्या कानाला शर्टाचं बटण लटकलं. पॅलेट नाइफने खरवडून काढलं. मूळ चित्रात वर पांढऱ्याचा जाड ठिपका, खाली कॉलरच्या प्रतिबिंबाची पुसट पांढुरकी छटा, बस्स. कानात अडकवायला आकडासुद्धा नाही. हे मला कुठल्याही पुस्तकातून कळलं नसतं. बटण झालं म्हणून कळलं.

चित्रकार रूबेन्स १६२८ मध्ये माद्रिदला गेला तो पन्नाशी ओलांडून, नावाजलेला. तिथे तो आधीच्या शतकातल्या तिशियन या इटालियन चित्रकाराच्या चित्रांच्या प्रती करत बसला. तोही कारकूनच म्हणायचा का? प्रत अस्सल म्हणून खपवणं ही लबाडी, ती वेगळी. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही परवाना काढून लोक प्रती करतात. फक्त मूळ मापाची करू देत नाहीत आणि मूळ चित्रकाराची सही तर नाहीच नाही.

पार्श्वभूमी मी काळी करून मोकळा झालो, आणि मग वाचलं की मूळ चित्र जिथे आहे त्या मॉरित्सहाउस संग्रहालयाच्या २०१८ मधल्या तपासणीत तिथे हिरवा पडदा असल्याचं आढळलं. रंग काळाच्या ओघात उडाला. आता काळ्यावर हिरव्याचा पातळ हात द्यायचा आहे. खालचा थर अजून बोटाला लागतो, तोवर हे पत्र लिहून घेतलं.

आपला,
एक हौशी कारकून