आधी परवाना, मग तिकीट

संपादक महोदय,

निर्वासितांच्या छावण्यांवर अभ्यास करायला बडोद्याहून पूर्व आफ्रिकेत निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिकिटाची घाई करू नये. केनियात ‘नाकोस्टी’चा (तिथल्या राष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाचा) संशोधन परवाना लागतो, युगांडात आधी संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची मान्यता, मग विज्ञान-तंत्रज्ञान परिषदेचा परवाना. छावणीत शिरायची परवानगी आणखी निराळी. पर्यटक व्हिसावर मुलाखती घेणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे.

पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी घ्यावी. लस घेऊन 10 दिवस होईपर्यंत प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत आणि ग्राह्य प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतताना 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावे लागते. विम्यातले युद्ध वगळणारे कलमही वाचावे (ते नेमके बारीक अक्षरांत असते).

मुलाखत देणाऱ्याचे नाव आणि उत्तरे एकाच फाइलीत ठेवू नयेत. चौकीवर लॅपटॉप उघडायला लावला, तर आपण विमानाने परत येतो. मुलाखत देणारा तिथेच राहतो.

– एक वाचक, बडोदा