फिल्टर ओळी लपवते, वगळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आली की पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्था थकबाकीदारांची यादी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) करून एसएमएस पाठवणाऱ्या ठेकेदाराकडे देतात. मग एक पैसाही बाकी नसलेल्या सभासदालाही 'थकबाकी त्वरित भरा' असा संदेश जातो आणि खापर फुटते संगणकावर. एक्सेलचे फिल्टर नको त्या ओळी फक्त लपवते. 'सेव्ह ॲज'मधून सीएसव्ही केली की लपलेल्या ओळी आणि लपवलेले रकानेही फाइलमध्ये उतरतात. पडद्यावर १४० नावे आणि ठेकेदाराच्या हाती सगळ्या सभासदांचे मोबाइल नंबर, असा हा प्रकार.

उपाय मिनिटभराचा आहे. फिल्टर लावून यादी निवडावी, ऑल्ट धरून अर्धविराम (;) दाबावा, म्हणजे दिसणारीच घरे (सेल) निवडली जातात. ती कॉपी करून नव्या फाइलमध्ये पेस्ट करावीत आणि ती फाइल सेव्ह करावी. नावे मराठीत असतील तर प्रकार 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच. साध्या सीएसव्हीत नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

उलटी चूकही होते, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. थकबाकीची रक्कम मजकूर म्हणून भरली गेली असेल (घराच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो) तर '५००० पेक्षा जास्त' या अटीतून खरा थकबाकीदारच निसटतो. तो रकाना निवडून 'डेटा'मधल्या 'टेक्स्ट टू कॉलम्स'वर थेट 'फिनिश' दाबले की आकडे सुधारतात. यादीत मध्येच कोरी ओळ असेल तर तिच्याखाली फिल्टर पोहोचतच नाही. डेटाबेसमधून यादी काढणाऱ्यांनी कंसात कंजुषी करू नये: 'शाखा मिरज ऑर शाखा सांगली अँड बाकी ५००० पेक्षा जास्त' असे लिहिले तर अँड (आणि) ही जोड ऑरच्या (किंवा) आधी लागते आणि मिरजेचे सगळेच खातेदार यादीत येतात; दोन्ही शाखा एका कंसात घ्याव्यात.

खाते क्रमांकाचा रकाना आकडे भरण्याआधीच 'टेक्स्ट' करावा. एक्सेल १५ अंकांपुढे शून्ये भरते, आणि १२ अंकी क्रमांक फाइलमध्ये १.२३ई+११ अशा रूपात जाऊ शकतो.

तयार फाइल तपासायला पुन्हा एक्सेलमध्ये उघडू नये, सुरुवातीची शून्ये तिथे गायब होतात. नोटपॅडमध्ये उघडावी. १४० नावे असतील तर शेवटची भरलेली ओळ १४१वी हवी, कारण पहिली मथळ्याची. पत्त्याच्या घरात कुणी ऑल्ट-एंटर मारून ओळ तोडली असेल तर मात्र हा हिशेब चुकतो.

संस्थांच्या सचिवांनी फाइलसोबत नावांची संख्या आणि थकबाकीची एकूण रक्कम कागदावर सही करून द्यावी. ठेकेदाराने ती आपल्याकडच्या फाइलशी जुळल्याशिवाय एकही संदेश सोडू नये.

– एक संगणक प्रशिक्षक, सांगली