डॉक्टर मॅडम, एका पेंटरचे मनापासून आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

भोसरीच्या गॅरेजमध्ये गाड्या रंगवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मध्यरात्री छाती भरून यायची, घरघर सुरू व्हायची. कुणी धुळीची ॲलर्जी म्हणालं, कुणी हवा बदला म्हणालं. दम्याचा पंप ओढायचा आणि सकाळी पुन्हा स्प्रे गन हातात घ्यायची, असं चाललं होतं. तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलंत, "काम काय करता? सुट्टीत गावी गेल्यावर कसं वाटतं?" गणपतीत गावी मला पंप लागतच नाही, हे तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं.

मग तुम्ही फुंकायचं ते छोटं मीटर दिलंत. दिवसातून चार वेळा फुंकायचं, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीतही, आणि आकडा वहीत लिहायचा. ते आकडे तुम्ही माझ्यासमोर पेनाने जोडलेत. कामाच्या दिवसांत रेघ खाली, सुट्टीत वर. रंग कडक व्हायला त्यात मिसळतात त्या हार्डनरच्या डब्याचा फोटो मागवलात आणि त्यातलं बारीक अक्षर मोठं करून दाखवलंत: हेक्झामेथिलीन डायआयसोसायनेट. टू-के क्लिअर कोट, म्हणजे गाडीवरचा शेवटचा चकचकीत थर, ज्याच्यामुळे कडक होतो, तेच गनच्या तुषारांतून छातीत जातं. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की अगदी थोडंसंही पुरतं. त्रास कधी काही तासांनी, रात्री होतो, म्हणून कामावर संशयच जात नाही.

"स्प्रेचं काम सोडावं लागेल," हे सांगताना बाहेर केवढी रांग होती! तरी तुम्ही घाई केली नाहीत. याच हातांवर माझं घर चालतं, हे तुम्ही नीट ऐकून घेतलंत आणि मालकांना पत्र लिहून दिलंत. कामामुळे होणारा दमा कायद्याने ठरवलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे, हे मला त्या पत्रातूनच कळलं. त्या कागदाने मोठा आधार दिला.

आता मी गॅरेजच्या दर्शनी ऑफिसात एस्टिमेट बनवतो. रात्रीची झोप लागते. मालकांनी रंगकामाच्या बूथमध्ये नळीने स्वच्छ हवा येणारे मास्क आणले. रुमाल किंवा साध्या मास्कने ही वाफ अडत नाही, हे तुम्ही त्यांना फोनवर पटवलंत, त्याबद्दल सगळ्या पोरांच्या वतीने आभार. गन थांबली की मास्कची काच वर करून फिनिश बघायची आम्हा पेंटरांची जुनी खोड. न दिसणारे तुषार तेव्हाही हवेत असतात, हे तुमचं सांगणं मी रोज पोरांच्या कानी घालतो.

शेजारच्या गाळ्यातला एक पेंटर रात्री खोकतो, रविवारी बरा असतो. सोमवारी त्याला तुमच्या ओपीडीत पाठवतोय. हार्डनरच्या डब्याचा फोटो सोबत आणायला सांगितलंय.

आपला कृतज्ञ,
भोसरीतला एक पेंटर