आई, बाबा, अर्ज देऊन झालाय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवरच सांगणार होते, तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा आई तू आधीच सुरू केलंस की माझं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, खोलीला रंग कोणता द्यायचा, आणि माझी जीभच उचलेना. म्हणून लिहितेय. बाबा, हे तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, तिला मोबाईलवर एवढं वाचायला लावू नका, आणि मधलं गाळू नका, तुमची सवय माहितीये मला.

तर, मी अजून एक वर्ष गडचिरोलीतच राहायचा अर्ज दिलाय. देऊ का विचारायला लिहीत नाहीये, मागच्या सोमवारी दिलासुद्धा. मुदत पूर्ण झाली की पसंतीचं ठिकाण मागता येतं, आपल्या घरापासून तासाभरावरचं पोलीस ठाणं मी कागदावर लिहिलंही होतं, मग तो कागद चार दिवस उशीखाली ठेवला आणि पाचव्या दिवशी दुसरा लिहिला. आई, रडू नकोस ना गं. पुढचं ऐक आधी.

बाबा पहिलं म्हणणार की दीडपट पगाराचा मोह. मिळतो दीडपट, खोटं कशाला बोलू, घराचा हप्ता त्यातनंच सुटतो. पण पैशासाठी राहायचं असतं तर गेल्या पावसाळ्यात आठ दिवस ना रेंज ना लाईट, तेव्हाच पळाले असते.

आणि आईचं मला माहितीये. १ मे २०१९. तू जांभुळखेड्याच्या नक्षल्यांच्या सुरुंगस्फोटाची बातमी बघत होतीस, पंधरा पोलीस गेले, तू टीव्ही बंद केलास आणि माझं पीएसआयचं पुस्तक उचलून माळ्यावर टाकलंस. मी रात्री स्टूल लावून काढलं ते तुला आजतागायत माहीत नाही (आता झालं). मी नाही म्हणणार की इथं काहीच भीती नाही. पण २०२५ च्या ऑक्टोबरात त्या नक्षल्यांच्या मोठ्या नेत्यानं, भूपतीनं, साठ जणांना घेऊन इथंच गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली ते तूही पाहिलंस, तेव्हा हे पाच-सात वर्षांपूर्वीचं गडचिरोली नाही एवढं तरी मान. गस्त नियमानं होते, एकटी कुठे जात नाही, आणि माझा अर्धा दिवस तर खिडकीतच जातो.

त्या खिडकीचं तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही मी, फोनवर नुसतं "जेवलीस का, हो जेवले" यातच रेंज संपते. पोलीस दादालोरा खिडकी म्हणतात तिला, म्हणजे पोलीस दादाची खिडकी असं काहीसं. जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत आणि मदत केंद्रांत असते. जातीचा दाखला, आधार, आयुष्मान कार्ड, ज्या कागदासाठी माणसाला तालुक्याला दोन-दोन खेटे मारावे लागायचे तो फॉर्म इथंच भरून द्यायचा. आमच्याकडे एक आजी येते, मला दादाच म्हणते. मी दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. तिचा अंगठा मशीनवर उठतच नाही, आयुष्यभर काम करून रेषाच गेल्यात, मग मी तिचा हात माझ्या ओल्या रुमालानं पुसते, परत ठेवते, परत पुसते, तेवढ्या वेळात ती मला तिच्या माडिया बोलीत काय काय सांगत असते आणि मी अर्धं समजल्यासारखं हो हो करते. आई, तुझ्या हातांसारखेच हात आहेत गं तिचे.

त्याच खिडकीवर पोरांची नावं घेतो आम्ही ट्रेनिंगसाठी. ड्रायव्हिंग, शिवणकाम, नर्सिंग असिस्टंट, सिक्युरिटी गार्ड, कोंबड्या-शेळ्यांचं पण असतं, काही बॅच आरसेटीकडे, म्हणजे स्वयंरोजगार शिकवणाऱ्या संस्थेकडे जातात, काही कृषी विज्ञान केंद्राकडे. सगळंच काही गोड नाही हां. हॉटेलच्या कामाला शहरात गेलेला एक पोरगा आठ दिवसांत परत आला, म्हणाला मॅडम तिथं रात्री अंधारच पडत नाही. मला आधी राग आला, किती कागद रंगवले होते त्याच्यासाठी, मग हसूच आलं. आता तो गावातल्या वाचनालयाची किल्ली सांभाळतो. ते वाचनालय गावानं श्रमदानातनं उभं केलंय, पत्र्याचं छप्पर, चार टेबलं. एक गाव एक वाचनालय म्हणून जिल्हा पोलिसांचा उपक्रम आहे त्यातलं. संध्याकाळी पोलीस भरतीची पोरं तिथं गणितं सोडवत बसतात.

आता खरं कारण. भरतीपूर्व ट्रेनिंगची निवासी बॅच मुख्यालयात असते, पण तिथं पाठवायच्या आधी इथल्या मैदानावर आम्हीच पोरांना तयार करतो. माझ्याकडे अकरा मुली आहेत. त्यातली एक, नाव नको, पहिल्या दिवशी बूट दिले तर ते हातात धरून पळाली, खराब होतील म्हणून. ८०० मीटरला चार मिनिटं. पूर्ण २० मार्क हवे तर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत यावं लागतं. चार किलोचा गोळा तिच्या पायाशीच पडायचा. गेल्या आठवड्यात ती ३ मिनिटं ६ सेकंदांवर आली आणि माझ्या हातातलं घड्याळ बघून म्हणाली, मॅडम परत लावा, तुम्ही उशिरा दाबलं. बाबा, अगदी तुमच्यासारखं! आता मोहाची फुलं वेचायचे दिवस येतील, मैदान निम्मं रिकामं होईल, घरोघरी जाऊन एकेकीला परत आणावं लागतं, आणि मागच्या वर्षी बघितलंय मी, आणणारं माणूस बदललं की पोरी परत येत नाहीत. नवीन येणारा माझ्याहून चांगला असेलही, पण तो त्यांची नावं पाठ करेपर्यंत भरती होऊन जाईल. एवढंच आहे. एक भरती बघू द्या मला.

तुम्हाला पटायला हवं असं म्हणत नाही. मला तरी कुठं सगळं पटलंय.

कारण बाबा, जूनमधलं ते माझ्या डोक्यातनं जात नाही. मी इथं आठवडी बाजारात माईक धरून सांगत होते की व्हिडिओ कॉलवर पोलीस कुणाला अटक करत नाहीत, डिजिटल अरेस्ट असलं काही कायद्यात नाहीच, आणि त्याच दिवशी माझे स्वतःचे बाबा दार लावून दोन तास त्या खोट्या गणवेशवाल्यापुढे बसले होते. आईलाही सांगितलं नाहीत. एफडी मोडायला बँकेत गेलात तेव्हा त्या काउंटरवरच्या ताईंनी विचारलं म्हणून वाचलो. आणि तुम्ही मला काय म्हणालात, "तुझ्या नोकरीवर येईल म्हटलं बाळा, म्हणून गप्प बसलो." दुसऱ्यांच्या बापांना शहाणं करत हिंडते आणि घरचे मला वाचवायला घाबरून बसतात. मी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. ते वर्षभर लांब राहण्याचं भय मलाच जास्त आहे, समजलं?

म्हणून आता नीट ऐका, इथं मी पोलीस म्हणून बोलतेय. अनोळखी व्हिडिओ कॉल उचलायचा नाही. समोर खाकी दिसली तरी कट करायचा. ओटीपी कुणी मागितला, तुमचं पार्सल अडकलंय म्हणाला, मुलीवर केस झालीये म्हणाला, तर कट करायचा आणि आधी दादाला फोन. पैसे गेलेच चुकून तर लाजत बसायचं नाही, ताबडतोब १९३० ला फोन, जितका लवकर तितके पैसे अडवता येतात. नंबर फ्रीजवर मोठ्या अक्षरात चिकटवा. ११२ पण लिहा त्याच्याखाली. बिल्डिंगमधल्या पाटील काकूंनाही सांगा, त्या कुणाचाही फोन उचलतात.

मोतीबिंदूचं ठरलंय तसंच होणार. माझी दहा दिवसांची रजा मंजूर झालीये, ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी घरी असेन, थेंब मीच घालणार, दादाच्या हाताला घाई असते. तोवर स्कूटर बंद. आई, गुडघ्याचा पट्टा घडी घालून ठेवायला नाही आणलाय. बीपीची गोळी बाबा घेतात की नुसतं पाकीट पुढे सरकवतात ते मोजून बघ. गीझर मेकॅनिकला दाखवा, मी पैसे पाठवलेत, परत करू नका. आणि कपाट लावा खिडकीच्या बाजूच्या भिंतीला. येणारच आहे मी.

माझी काळजी करू नका, खोली पक्की आहे, मच्छरदाणी आहे, गरम पाणी मिळतं, आईनं दिलेली गोधडी उन्हाळ्यातसुद्धा घेते पायावर.

बाबा, एक राहिलं. १ जानेवारी २०२५ ला गर्देवाड्याकडे पहिल्यांदा एस.टी. सुरू झाली, स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर. मी पहिल्यांदा त्या रस्त्यावर लाल गाडी बघितली तेव्हा गस्तीत होते, तरी हात वर झाला आपोआप. कंडक्टर तुमच्यासारखाच, पैसे आधी खिशात आणि मग बॅगेत टाकणारा. तुम्ही मला शाळेत सोडताना माझ्या डब्यावर बोटानं वाजवायचात, दोनदा म्हणजे जा, एकदा म्हणजे थांब, काहीतरी विसरलीस. मी कितीदा मुद्दाम पाण्याची बाटली विसरायचे त्या एका टिंगसाठी.

वाचून झालं की फोन लावत बसू नका, रेंज नसते आणि तुम्ही चिडता. नुसता मेसेज टाका, मैदानावरनं परत आले की बघेन. एक बेल की दोन, एवढंच लिहा.

तुमची,
बाळी